तोंडातली ओल

३ मार्च

दादा,

अप्पा परवा सकाळी गेले. काल अंत्यविधी झाले. आज मी नेहमीच्या वेळेला लॅब उघडली, कारण निवृत्त हेडमास्तरांच्या कवळीचं पॉलिश राहिलं होतं आणि ते बिचारे इतके दिवस दुधावर आणि सूपवर आहेत. दुपारी ती पोचवली. त्यांनी तोंडात घातली, आरशात बघून हसले, मग माझ्याकडे बघितलं आणि हसू आवरलं. घरी येऊन अप्पांच्या चादरी धुतल्या. भाड्याने आणलेला पलंग न्यायला उद्या माणसं येणार आहेत.

काल फार गर्दी नव्हती. ज्यांच्यासाठी अप्पा चाळीस वर्षं कवळ्या करत होते ते दाताचे म्हातारे डॉक्टर काठी टेकत आले. लॅबला साच्यांचं प्लास्टर पुरवणारा आला होता. एरवी बोलून बोलून डोकं उठवतो, काल सगळ्यांना पाणी देत फिरत होता.

मी तुला फोन केला तेव्हा वहिनीने उचलला. तू मागे कुणाशी तरी बोलत होतास, ते मला ऐकू येत होतं. बोटीवर असतास तर गोष्ट वेगळी होती. तू सुट्टीवर आहेस आणि घरी आहेस, एवढं मला कळलं. त्याबद्दल मी काही म्हणत नाही.

शेवटी त्रास झाला का, हे तू विचारलेलं नाहीस, तरी सांगते. फार झाला नाही.

ऑक्टोबरबद्दल मला तुला काही लिहायचं आहे. आज नको, हात साबणाने भेगाळलेत.

मुंगी


११ मार्च

दादा,

काल वहिनीचा फोन आला. तू जे म्हणालास ते तिने मला तसंच्या तसं सांगितलं. "तो म्हणतो, ज्या घरात बापाने मला जागेवरून उठवलं तिथे आता कोणासाठी जाऊ? आणि म्हणतो, मुंगीला सांग, आता समजूत घालणारी पत्रं लिहू नकोस. लहानपणापासून तिचा तोच उद्योग आहे."

खरं आहे. तू आणि अप्पा भांडलात की मी तुला येऊन सांगायचे, अप्पांना वाईट वाटतंय. आणि अप्पांना जाऊन सांगायचे, दादा रडत होता. दोन्ही खोटं असायचं. तुम्ही दोघंही ओळखायचात आणि तरी त्यावर मिटवून घ्यायचात. त्यामुळे तू आता माझ्यावर विश्वास ठेवत नाहीस, यात चूक काही नाही. म्हणून मी फक्त घडलं ते लिहिणार आहे. मधे माझं काही घालणार नाही.

तू ऑक्टोबरात आलास तेव्हा जेवण झाल्यावर लॅबमध्ये गेलास. खिडकीपाशी अप्पांच्या टेबलाला लागून ते तीन पायांचं स्टूल आहे, ज्यावर बसून तू शिकलास. तू त्यावर बसलास आणि मेणाची सुरी हातात घेतलीस. अप्पा दारात आले. मी त्यांच्या मागेच होते. ते म्हणाले, "अहो, उठा. ही माझ्या मुलाची जागा आहे. तुम्ही कोण?" तू हसलास. ते पुन्हा म्हणाले, "उठा म्हटलं ना. त्याच्या जागेवर कुणी बसायचं नाही."

तू उठलास, सुरी जागेवर ठेवलीस, वहिनीला म्हणालास, "चल." बस.

मला माहीत आहे तू काय समजलास. अप्पा रागावले की आपल्याला अहोजाहो करायचे. आपण लहान असताना "अहो, या, बसा, आज अभ्यास करणार का आपण?" असं म्हणाले की आपली पाचावर धारण बसायची. तू लॅब सोडून बोटीवर गेलास तेव्हासुद्धा ते महिनाभर तुला तुम्ही म्हणत होते. म्हणून तुला वाटलं, हा टोमणा आहे, तीस वर्षं धार लावून ठेवलेला. तू माझा मुलगा राहिला नाहीस, असंच ते तोंडावर सांगताहेत. त्या वेळी मलाही तसंच वाटलं होतं. माझ्या मनातही दुसरं काही आलं नाही.

आता कवळीचं सांगते. तुला वाटेल विषय बदलला. तो बदललेला नाही.

तू येण्याच्या आधी, उन्हाळ्यापासून, अप्पांची स्वतःची वरची कवळी सुटायला लागली होती. बोलताना खाली यायची. पाव चावताना पावाबरोबर बाहेर. तुला माहीतच आहे, ती त्यांनी स्वतः केलेली, बारा-तेरा वर्षं तोंडात होती, ते लोकांना काढून दाखवायचे. "बोलताना वाजते" अशी कुणी तक्रार केली की "मग जरा कमी बोला" म्हणणारा माणूस. त्याची स्वतःचीच वाजायला लागली.

ते म्हणाले, हिरड्या झिजल्या असतील. आरशासमोर बसून स्वतःच नवं माप घेतलं, नवी केली. ती मापावरून ओतलेल्या प्लास्टरच्या साच्यावर ठेवली तर अशी बसली की नखानेसुद्धा निघेना. तोंडात घातली की पडली. पुन्हा माप, दुसरी नवी, तीही पडली. तिसरी केली, मागची कड जास्त खोल धरून. तीही पडली. टाळूला घासून जखम झाली ती वेगळीच. आम्ही दोघं रोज सकाळी ती साच्यावर ठेवून भिंगातून बघत होतो. कुठे फट आहे? कुठेच नव्हती. मी म्हटलं, "अप्पा, साच्यावर तर बसते." ते म्हणाले, "साच्याला काय खायचंय? माझं माप चुकतंय. हात गेला माझा."

त्यानंतर त्यांनी लोकांची कामं घेणं बंद केलं. आलेलं काम माझ्याकडे सरकवायचे आणि खिडकीतून बाहेर बघत बसायचे. आम्हाला दोघांनाही माहीत होतं की वरची कवळी नुसत्या मापावर टिकत नाही, टाळू आणि कवळीच्या मधे लाळेचा पातळ थर लागतो. ओल्या काचेवर काच ठेवली की चिकटते तशी. हे त्यांनीच तुला आणि मला काचेचे दोन तुकडे देऊन शिकवलं होतं. आणि तरी आम्ही साच्याकडेच बघत राहिलो. त्यांच्या तोंडात बोट घालून बघावं, असं सुचलं नाही. दुसऱ्या कुठल्या घरात म्हाताऱ्याची कवळी पडली असती तर त्यांनी डॉक्टरला विचारलं असतं. आमच्याकडे नवी कवळी करायला भट्टीच पेटली.

आज एवढंच.

मुंगी


२० मार्च

दादा,

उत्तर नाही. मी वाट बघत नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल, म्हणून लिहीत नाही.

जानेवारीत अप्पा मोरीपाशी पडले आणि खुब्याचं हाड मोडलं, एवढं तुला वहिनीकडून कळलं असेल. ऑपरेशन ठीक झालं. पण नंतर ते कोणालाच ओळखेनात. हवेतून काहीतरी वेचत होते, मेणाचे धागे ओढल्यासारखे. अंग गरम आणि कोरडं, घामाचा थेंब नाही. लघवी अडली, ती नळी घालून काढावी लागली. मला वाटलं, संपलं. शेजारच्या खाटेपाशी बसलेल्या बाई म्हणाल्या, वय झालं की डोकं असंच जातं, आमच्या सासऱ्यांचं गेलं.

तिसऱ्या दिवशी म्हाताऱ्यांच्या विभागातली एक डॉक्टर आली. माझ्याहून लहान आहे, भराभर बोलते. तिने आधी त्यांच्या डोळ्यांत बॅटरी मारली, मग काखेत हात घालून बघितला, मग तोंड उघडलं. जीभ कागदाला लागावी तशी टाळूला चिकटली होती. ती म्हणाली, "ताई, या तोंडात किती दिवसांपासून ओल नाही?"

दादा, तिने पहिल्याच भेटीत तोंड उघडून बघितलं. मी दातांच्या धंद्यात जन्म काढला आणि ते तोंड मी एकदाही उघडून बघितलं नव्हतं.

"गोळ्या कुठल्या घेतात?"

मी पिशवी आणून दिली. तिने गादीवर ओतली आणि तीन पाकिटं बाजूला काढली. एक लघवी सारखी लागायची म्हणून एका डॉक्टरांनी दिलेली. एक पायाची आग व्हायची म्हणून दुसऱ्यांनी दिलेली, झोपताना घ्यायची. आणि एक सर्दी-खाजेची, जी अप्पा स्वतःच दुकानातून आणायचे कारण तिने झोप छान लागायची. तिसरीबद्दल पहिल्या दोघांना माहीत नव्हतं, आणि त्या दोघांना एकमेकांबद्दल.

मी म्हटलं, "म्हणजे चुकीचं औषध दिलं?"

"नाही हो. एकेक घेतलं तर तिन्ही बरोबर आहेत. पण तिन्ही एकाच घराण्यातली आहेत."

मग तिने समजावलं. मी माझ्या शब्दांत लिहिते. आपल्या मज्जातंतूंच्या टोकातून एक रसायन सुटतं. ते पोचलं की लाळ सुटते, घाम येतो, आतडी हलतात, मूत्राशय आवळतं, डोळ्याची बाहुली लहान होते, हृदय सावकाश चालतं. मेंदूतही तेच असतं, त्याच्यावर लक्ष आणि आठवण चालते. ते जिथे जाऊन बसतं त्या खाचेला मस्कॅरिनिक रिसेप्टर म्हणतात. ही औषधं त्याच खाचेत जाऊन बसतात. स्वतः काही करत नाहीत, नुसती जागा अडवतात. मूळ रसायन येतं आणि त्याला बसायला मिळत नाही. मी म्हटलं, "दाताच्या खाचेत आधीच मेण गेलं की दात बसत नाही तसं?" ती म्हणाली, "तसंच. आणि हे मेण एका ठिकाणी थांबत नाही. लघवीसाठी दिलं तरी तोंडात जातं, डोळ्यात जातं, आतड्यात जातं. म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यातही जातं."

म्हणून त्यांना भिंग असूनही जवळचं धूसर दिसायचं. म्हणून पोट साफ व्हायचं नाही. म्हणून दिवसभर पाण्याचा तांब्या जवळ. आम्ही प्रत्येकाला वेगळं कारण शोधलं होतं.

मला राग आला होता. मी म्हटलं, मग असली औषधं ठेवतात कशाला? ती चिडली नाही. म्हणाली, कीटकनाशक पोटात गेलेला माणूस आला की लाळ, घाम, पाणी सगळीकडून वाहत असतं, नाडी बुडत असते, तेव्हा याच घराण्यातलं इंजेक्शन देऊन आम्ही त्याला परत आणतो. डोळा तपासताना बाहुली मोठी करायला याचे थेंब. दमेकऱ्यांच्या फवाऱ्यात हे. बोट लागते त्यांना कानामागे लावायला याची पट्टी.

पट्टी म्हटल्यावर मला तू आठवलास. पहिल्या सफरीवरून तू लिहिलं होतंस, कानामागे पट्टी लावली आहे, ओकाऱ्या थांबल्या पण तोंड खडखडीत झालंय, मीटरवरचे आकडे वाचता येत नाहीत आणि मुख्य इंजिनियरला मी एकदा आई म्हणालो. आपण ते पत्र वाचून किती हसलो होतो. अप्पा सर्वांत जास्त.

तू तेव्हा बावीस वर्षांचा होतास आणि एकच पट्टी होती. अप्पा एक्याऐंशीचे होते आणि तिन्ही गोळ्या रोज.

तू आलास तेव्हाही रोज.

मुंगी


२ एप्रिल

दादा,

मागचं पत्र वाचून तू म्हणशील, ही पुन्हा समजूत घालतेय, आता डॉक्टरच्या तोंडून. म्हणशील, टोमणाच होता, वर औषधाचं नाव चिकटवलंय. मी तुझ्या जागी असते तर तेच म्हटलं असतं. मी डॉक्टरलाही विचारलं होतं की ऑक्टोबरातलं बोलणं औषधाचं होतं का त्यांचं. ती म्हणाली, एखादं वाक्य कुणाचं होतं हे मला कसं सांगता येईल.

म्हणून पुढचं.

तिने सर्दीची गोळी तिथेच कचऱ्यात टाकली. बाकीच्या दोन बंद केल्या, पायाच्या आगीला दुसरं काहीतरी दिलं. म्हणाली, लगेच काही दिसणार नाही, आणि कदाचित सगळं परत येणारही नाही. आशा ठेवा पण फार ठेवू नका.

काही दिवस तसेच गेले. मग एका सकाळी मी चमच्याने सूप भरवत होते तर ते म्हणाले, "हे कुणी केलंय?"

मी म्हटलं, "इथल्या स्वयंपाकघरात."

"मीठ महागलंय का?"

मी चमचा खाली ठेवला. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि विचारलं, "मुंगे, तू अशी वाळलीस कशाने?"

त्यानंतर ते रोज थोडे थोडे परत आले. सगळे नाही. संध्याकाळी गडबडायचे. पण सकाळी अगदी आपले अप्पा. नर्सला म्हणाले, तुमच्या पुढच्या दोन दातांत फट आहे ती बुजवू नका, चांगली दिसते. ती लाजून पळाली.

मग ती शेवटची कवळी, खोल कडेची, घातली तर ओरडले. "ही कुठल्या गाढवाने केली?"

"तुम्हीच."

"मग त्याला सांग, धंदा सोड."

मला म्हणाले, जुनी आण. मला वाटलं होतं त्यांनी ती तोडून दात काढून घेतले असतील, पण कपाटात वाडग्यात होती, पाण्यात. मी घेऊन आले. त्यांनी ओठ ओले केले, दोन्ही अंगठ्यांनी वर दाबली, गाल आत ओढले. मग तोंड उघडून मला दाखवलं. हलली नाही. त्यांनी सफरचंद मागितलं. मी नको म्हणत होते तरी चावलं. रस हनुवटीवर आला, त्यांनी तो पुसलाही नाही.

"बसली," म्हणाले. मग छताकडे बघत, "म्हणजे माप चुकलं नव्हतं."

मी म्हटलं, "नाही अप्पा."

"चारही वेळा?"

"चारही वेळा."

ते रडले नाहीत. हात पांघरुणावर उताणे ठेवून ते बघत राहिले, दुसऱ्या कुणाचे असावेत तसे. मी खिडकी उघडायला उठले.

आता ज्यासाठी हे पत्र लिहिते आहे ते. त्यानंतर एक-दोन दिवसांनी मी त्यांची दाढी करत होते, तेव्हा ते आपणहून म्हणाले, "आपल्याकडे मधे एक माणूस आला होता. जेवायला होता. त्याला कुणीतरी सांगायला हवं, वरची डावीकडची दाढ गेलीय त्याची. नुकतीच काढलेली. उजव्या बाजूनेच चावत होता, आणि दर घासाला डावा गाल आत घ्यायचा. तसंच ठेवलं तर खालची दाढ वर सरकेल. भला माणूस वाटला. पण त्याला बसायची जागा कळत नव्हती."

माझ्या हातातला वस्तरा थांबला.

"काय झालं?" म्हणाले.

मी म्हटलं, "अप्पा, तो दादा होता."

अर्ध्या गालाला साबण तसाच. मग म्हणाले, "आपला?"

"हो."

"मी त्याला काय म्हटलं?"

दादा, इथे मी एरवी काय केलं असतं तुला माहीत आहे. मी केलं नाही. जे बोलले होते ते तसंच्या तसं सांगितलं.

"उठवलं मी त्याला."

"हो."

"त्याच्याच जागेवरून."

मी मान हलवली. ते म्हणाले, "त्याला सांग, त्याची जागाच राखत होतो." मग थोड्या वेळाने, "त्याला बोलाव. माप तू घे, दाढ मी करतो. हात आहे अजून."

मी त्यांच्यासमोरच तुला फोन लावला. त्यांनी तो माझ्याकडून घेतला आणि कानाला धरला. घंटी वाजून वाजून थांबली. ते म्हणाले, "कामात असेल," आणि दाढीसाठी दुसरा गाल पुढे केला.

तुझी दाढ गेली आहे की नाही मला खरंच माहीत नाही. तू त्या दिवशी जेवताना मी तुझ्याकडे बघत नव्हते, अप्पांकडे बघत होते.

मुंगी


९ एप्रिल

दादा,

आज लॅबला सुट्टी आहे म्हणून उरलेलं लिहून टाकते. पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं की फार त्रास झाला नाही. ते तितकं खरं नव्हतं.

फेब्रुवारीत त्यांना घरी आणलं. चालणं जमलं नाही. अंथरुणावर पडून राहिलं की छातीत कफ साठतो, तसा साठला. निमोनिया झाला. डॉक्टर घरी येऊन गेली. म्हणाली, पुन्हा हॉस्पिटलात नेता येईल, पण तिथून परत येतील असं मी सांगू शकत नाही. अप्पा तोवर शुद्धीत होते. म्हणाले, "इथे प्लास्टरचा वास येतो, इथेच बरंय." तेव्हा कवळी त्यांच्या तोंडात होती. काढू का विचारलं तर मान हलवून नाही म्हणाले.

शेवटचे दोन दिवस ते शुद्धीत नव्हते. घशात घरघर सुरू झाली. तू ऐकली नाहीस ते बरं झालं. पाण्यातून नळीने हवा सोडावी तसा आवाज, प्रत्येक श्वासाला. मला सहन होईना. मी शेजारच्या खोलीत गेले तरी भिंतीतून यायचा.

डॉक्टर म्हणाली, "एक इंजेक्शन आहे. लाळ आणि स्राव सुकवतं. आवाज कमी होईल. पण तुम्हाला आधी सांगते, हे त्याच घराण्यातलं आहे."

मी तिच्या हातातली बाटली घेऊन वरचं नाव वाचलं.

ती म्हणाली, "खरं सांगायचं तर त्यांना हा आवाज जाणवत नाहीये. तो तुम्हाला जाणवतोय. त्यामुळे तुम्ही नको म्हणालात तरी चालेल."

"तोंड पुन्हा कोरडं पडेल?"

"पडेल. ओठ ओले करत राहावं लागेल."

मी विचार केला की त्यांनी काय म्हटलं असतं. मला ऐकू आलं, "मुंगे, वाजतंय तर थांबव की." मी हो म्हटलं. ते खरंच असं म्हणाले असते का, माहीत नाही.

इंजेक्शनआधी मी त्यांची कवळी काढली. कोरड्या तोंडात ती राहिली नसती, आणि घशात गेली तर भीती. सहज निघाली नाही. चांगली बसली होती. कडेला बोट घालून हवा शिरू द्यावी लागली, तशी हलकेच सुटली. गाल आत गेले आणि ते एकदम फार म्हातारे दिसायला लागले.

तासाभरात आवाज कमी झाला. खोली इतकी शांत झाली की मी दोनदा वाकून बघितलं. मग मी स्पंज पाण्यात बुडवून ओठ, जीभ, टाळू ओलं करत राहिले. टाळू अगदी साच्यासारखी वाटत होती, त्या साच्याची प्रत्येक रेघ मला माहीत होती. सकाळी ते गेले तेव्हा स्पंज माझ्या हातातच होता.

हे औषध त्यांचं सगळं घेऊन गेलं आणि शेवटी तेच मी त्यांना दिलं. डॉक्टर म्हणते, यात चुकीचं काही नव्हतं. मलाही तसंच वाटतं, बहुतेक दिवशी.

तुला आता मी आणखी काही लिहिणार नाही. जे होतं ते सगळं लिहून झालं.

मुंगी


२७ एप्रिल

दादा,

तुझं पत्र काल आलं. एवढंसं, तरी मी ते लॅबमध्ये जाऊन वाचलं.

तू विचारतोस, दाढेचं मला कुणी सांगितलं. कुणीच नाही. तू लिहितोस की इकडे येण्याच्या आदल्या आठवड्यात ती बंदरावरच्या एका दवाखान्यात काढली, घरी कुणाला बोलला नाहीस, वहिनीलासुद्धा परत गेल्यावर कळलं. आणि तू तोंड मिटून चावत होतास. मला वाटलंच की तू मिटूनच चावत असशील, अप्पांच्या समोर तोंड उघडून चावायची आपल्यापैकी कुणाची हिंमत होती? पण त्यांना उघडायला लागायचं नाही. रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाच्या गालावरून सांगायचे, ह्याची कवळी सैल आहे. त्यांना चेहरा कळला नाही, दादा. तोंड कळलं.

पुढे तू लिहिलं आहेस, "म्हणजे त्यांनी खरंच ओळखलं नव्हतं." आणि त्याच्याखाली काहीतरी लिहून खोडलं आहेस. मी उजेडाला धरून वाचायचा प्रयत्न केला नाही.

फोनबद्दलही तू लिहिलं आहेस. तेव्हा तू कामात नव्हतास, असं. मी ते अप्पांना सांगितलं नसतं आणि आताही कुणाला सांगणार नाही.

स्टूल आहे का, विचारलंस. आहे. एक पाय डुगडुगतो, खाली जाड पुठ्ठा घातलाय. कुणी बसत नाही. सुट्टीत यायचं म्हणतोस तर ये. वहिनीलाही आण. मागे ती तशीच तुझ्यामागून निघून गेली, मला तिच्याशी नीट बोलताही आलं नाही. तुझं माप घ्यायचं आहे. दाढ मला करावी लागेल, अप्पांइतकी नाही होणार, पण बसेल. माप घ्यायला तोंडात घालायचा चमचा तुझ्या जबड्याला कुठला लागेल ते बघून ठेवते. खालची दाढ सरकायच्या आत ये.

पलंग नेल्यापासून ती खोली मोठी वाटते. मी तिथे अजून काही ठेवलेलं नाही.

आज सकाळी चहा ठेवला आणि तो उकळेपर्यंत कपाटातला वाडगा काढला. कवळी कोरडी ठेवली की वाकडी होते, म्हणून पाण्यात ठेवावी लागते. कुणासाठी ठेवायची ते मी ठरवलेलं नाही. मऊ ब्रशने घासली, नळाखाली धरली, वाडग्यातलं कालचं पाणी ओतून दिलं, नवं भरलं आणि ती बुडेल अशी आत ठेवली.

मुंगी